आधी राखीव माणसं ठरवा
सोलापूरच्या शाळांत 'एक मूल, एक मार्गदर्शक' उपक्रमासाठी, म्हणजे प्रत्येक मुलाला एक स्वयंसेवक मार्गदर्शक देण्यासाठी, जास्तीत जास्त स्वयंसेवक जोडा, असं एका लेखात म्हटलंय. पण जोड्या मोडतात त्या मार्गदर्शकाच्या गैरहजेरीमुळे. मूल वाट बघत बसतं. दोनदा असं झालं की त्याचा विश्वास उडतो. म्हणून २० जोड्यांमागे निदान ३ राखीव माणसं ठेवा, तीही मुलांच्या ओळखीची. भेटीचा वार एकच, वेळ ४५ मिनिटं, उघड्या दाराच्या वर्गात किंवा व्हरांड्यात. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी पहिल्या भेटीआधीच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा आठवडा सरळ सोडून द्या. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की नोकरदार स्वयंसेवक गळतात, तेव्हा जमेल का हे जूनमध्येच विचारून घ्या. आणि शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं पुष्कळ आहेत, तिथे तेलुगू येणारा मार्गदर्शक द्याच. मूल लवकर मोकळं होतं.