खडूने लिहिलेला डॉक्टर

समजा, उद्या सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण अशी दोन्ही खाती तुमच्या पदरात पडली. पहिली गोष्ट म्हणजे ती एकत्र करायच्या भानगडीत पडू नका. आज ती वेगळी आहेत तेच बरं आहे. एकाने डॉक्टर घडवायचा, दुसऱ्याने तो अजून का आला नाही म्हणून पत्र लिहायचं. दोघांनाही काम पुरतं.

तर तुम्हाला धडगाव, मेळघाट, भामरागड अशा दुर्गम आदिवासी भागांसाठी डॉक्टर हवाय. सुरुवात निवडीपासून करा. ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या यादीत वरून मोजत या. दोन वर्षं लातूरला खोली घेऊन राहिलेला, ओएमआर शीटखेरीज जगात काहीही न पाहिलेला मुलगा सापडेपर्यंत थांबू नका. कुणीतरी मध्येच म्हणेल, की सातपुड्यातलंच एखादं पोर उचलू, त्याचं राहणं, खाणं, शिकवणी सगळं सरकारने करू, ते परत आपल्याच डोंगरात येईल. असल्या भाबड्या माणसाला समितीत घेऊ नका. गावाकडचं पोर गावाकडे टिकायची शक्यता जास्त असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये रीतसर लिहून दिलंय. आमच्या आजीला हे जिनिव्हाला न जाता ठाऊक होतं, पण तिचं कधी कुणी परिपत्रक काढलं नाही. थायलंडचंही नाव काढू नका. त्यांनी 1994 पासून खेड्यातली मुलं निवडून त्यांच्याच प्रांतातल्या इस्पितळांत शिकवायचा कार्यक्रम चालवलाय. आपल्याकडे असलं चालत नाही. (सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1969 पासून निराळ्या वाटेने बऱ्यापैकी चालतं. पण ते वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर आहे, आणि अभ्यासदौऱ्याला बँकॉक बरं पडतं.)

आता शिकवायचं कुठे? अर्थातच जिथे एमआरआय आहे तिथे. साडेपाच वर्षं त्याला अशा इमारतीत ठेवा की छातीत कळ आलेला रोगी दिसला की त्याचा हात आपोआप कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, फोनकडे जावा. सर्पदंश, सिकलसेल, रात्री दोनला अडलेली बाळंतीण हे सगळं पुस्तकात आहेच. पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाचा, तास जेवणानंतर ठेवा, म्हणजे झोपही होते आणि हजेरीही लागते. 1946 साली भोर समितीने डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ व्हावा आणि त्यासाठी त्याला तीन महिने वेगळं शिक्षण द्यावं असं म्हटलं होतं. त्याच समितीने खेड्यापाड्यांत निम्मा गाडा ओढणाऱ्या एलएमपी डॉक्टरांचा, एमबीबीएसहून छोटा, अभ्यासक्रम बंद करा, असंही सुचवलं. दोन्ही सल्ल्यांपैकी आपण दुसरा झटक्यात अमलात आणला.

भाषेची चिंता नको. कोरकू किंवा पावरी बोलणारी बाई पोट धरून बसली की डॉक्टरला काय ते कळतंच. न कळल्यास शिपाई आहे. तोही नसला तर चिठ्ठी आहे, तिच्यावर ‘रेफर’ लिहायला कुठलीच भाषा लागत नाही.

पैसा कुठे घालायचा, हा खरा कौशल्याचा भाग. मशीन घ्या, इमारत बांधा, दोन्हींची फीत कापता येते. ग्रामीण रुग्णालयात बसून पाच पोरांना जुलाबाचं मूल तपासायला शिकवणाऱ्या अनुभवी डॉक्टरची फीत कुठून कापणार? त्याचा पगार, तिथलं विद्यार्थ्यांचं वसतिगृह, तिथवर जाणारी गाडी, यातलं काहीही फोटोत नीट येत नाही. 1977 मध्ये असल्याच नादात सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांना खेड्यात जायला फिरत्या दवाखान्याच्या गाड्या दिल्या होत्या. विद्यार्थी गावात शिकावेत म्हणून गाडी दिली, म्हणजे संध्याकाळी परत शहरात यायची सोय झाली. फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना तपासणारा डॉक्टर घडवणाऱ्या, एमडीच्या जागा चिमूटभरच ठेवा. पोरांना रेडिओलॉजी हवी असते, आणि पोरांचं मन मोडू नये.

इतकं करूनही डॉक्टर डोंगरात जात नाही म्हटल्यावर चिडू नका. त्यासाठीच बंधपत्र आहे. ही योजना मला मनापासून आवडते. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालात, एक वर्ष सेवा द्या. नाही दिली, तर दंड. हा दंड वर्षानुवर्षे 10 लाख होता, पदव्युत्तरला 50 लाख. म्हणजे टोलनाकाच. ज्याच्या बापाकडे 10 लाख आहेत त्याची गाडी सरळ पुढे, ज्याच्याकडे नाहीत तो नंदुरबारला. आदिवासी पाड्याला मग तोच डॉक्टर मिळे, ज्याला सुटायचे पैसे जमले नाहीत. यालाच सेवाभाव म्हणत. तरीही कुणाला ढिलाई वाटलीच, तर 2019 साली राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आराखड्याकडे पाहा. ग्रामीण सेवेसाठी राखीव जागा, आणि शब्द मोडला तर पदवी रद्द नि पाच वर्षं तुरुंगवास. डॉक्टर दुर्गम भागात राहायला तयार नसेल तर निदान येरवड्यात राहील.

त्यातूनही कुणी स्वखुशीने गेलाच, तर त्याला ‘मानसेवी’ म्हणा. आदिवासी भागात भरारी पथकाच्या, म्हणजे फिरत्या वैद्यकीय पथकाच्या, गाडीतून पाडे पालथे घालणाऱ्या डॉक्टरांना आपण हेच म्हणतो. कित्येक वर्षं त्यांना महिन्याला 24 हजार देत होतो, मग फारच ओरड झाली तेव्हा 40 हजार केले. मान मोफत आहे, तो भरपूर द्या.

बाकी राहिलं आरोग्य केंद्र. डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक, असा निकष आहे, आणि इमारतीच्या बाबतीत आपण तो बराच पाळतो. सातपुड्यातल्या अशा एका केंद्रात मी मागे तासभर बसलो होतो. डॉक्टर पाण्याच्या टाकीवर चढले होते, कारण नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, ऑनलाइन लेक्चरला रेंज फक्त तिथेच येते. निवासस्थानाला कुलूप, कुलपाला गंज. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली त्याच परीक्षेच्या एमसीक्यूचं, म्हणजे पर्यायी प्रश्नांचं, जाड पुस्तक. भिंतीवर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक होता. पहिली चार नावं ऑइलपेंटने, कारकीर्द तीन-तीन, चार-चार वर्षांची. पुढची सगळी खडूने.

‘पेंटर कशाला बोलवायचा साहेब,’ शिपाई म्हणाला, ‘रंग वाळेस्तोवर ऑर्डर येते.’

त्याच्या कपाटात एक शाल घडी करून ठेवलेली. स्वागतालाही तीच, निरोपालाही तीच. नारळ मात्र दरवेळी नवा आणतात, आणि त्याचं बिल अडत नाही. तो मला कौतुकाने सगळं दाखवत होता, तेवढ्यात एक बाई ताप आलेलं पोर कडेवर घेऊन आली. साहेब कुठेत, असं तिने विचारलंच नाही. सरळ टाकीखाली जाऊन वर बघत उभी राहिली.

तुम्ही पाहणीला जाल तेव्हा आधी फोन करून जा. टाकीला शिडी नवी लावून ठेवतील, आणि फलकावर तुमच्या देखत नवं नाव लिहितील. फोटो तेव्हाच काढून घ्या. शिपायाच्या दुसऱ्या हातात ओलं फडकं असतं.