पणजोबांच्या कपाळावर मी

घराण्याचे जुने फोटो आणि कागद ‘डिजिटल’ करायचे, हा ठराव एका लग्नाच्या पंगतीत झाला. अशा ठरावांत जो हात धुवायला उठलेला असतो, त्याच्या गळ्यात काम पडतं. मी ताकाचा हात धुऊन परत आलो तोवर आत्याने ट्रंकेची किल्ली माझ्या पानाशेजारी ठेवली होती.

ट्रंकेत काळ्या पानांचे दोन अल्बम, एक गुंडाळलेली जन्मपत्रिका आणि मोडीतलं खरेदीखत निघालं. अल्बम स्कॅनरवर पालथा घातला तर झाकण मगरीसारखं आ वासून राहिलं. जोर लावला असता तर पाठीसकट पणजोबा निखळले असते. मग कळलं की या कामासाठी कॉपी स्टँड नावाची वस्तू मिळते. खाली पाट, मागे खांब, वर आडवा हात, त्याला कॅमेरा आणि दोन्ही बाजूंना दिवे. चांगल्या स्टँडची किंमत पाहून मी दोन घोट पाणी प्यालो आणि १,८५० रुपयांचा मागवला.

हा स्टँड फार संस्कारी निघाला. फोन लावला की त्याचा हात हळूहळू खाली येई, थेट वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायला. फोकस जमेपर्यंत पणजोबांची पगडी चौकटीबाहेर गेलेली. शेवटी खांबाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तेव्हा कुठे त्याची मान ताठ झाली.

सोबत आलेल्या दोन दिव्यांतला एक पांढरा होता, दुसरा पिवळा. त्यामुळे १९६२ च्या ग्रुप फोटोत डावीकडचं माहेर गोरंपान आणि उजवीकडचं सासर काविळीने आजारी. फोटोवर झेब्र्यासारखे आडवे पट्टेही यायचे. पुष्कळ शोधल्यावर कारण सापडलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा डोळे मिचकावतो. शटर १/१०० सेकंदावर आणलं आणि पट्टे गेले. दिवे मात्र मुलीच्या खोलीतून आले, एकाच बनावटीचे दोन टेबल लॅम्प. तिची परीक्षा होती, हे तिने मला तीनदा सांगितलं.

खरा छळ चकाकीचा. जुने गुळगुळीत फोटो म्हणजे आरसेच. दिवे ४५ अंशांत तिरके ठेवले की उजेड पलीकडे निघून जातो आणि लेन्सपर्यंत परत येत नाही, हे भूमितीने सांगितलं आणि ते खरंही निघालं. पण दिव्याच्या उजेडात उभा असलेला मी कुठे जाणार? प्रत्येक पूर्वजाच्या कपाळावर माझा पांढरा बनियन चंद्रासारखा उगवलेला. पणजोबांच्या कपाळावर तर अख्खा मी, फोनसकट. म्हणून काळा शर्ट घातला, काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून तो लेन्सपुढे लावला आणि खिडकीला काळी छत्री टांगली. बायकोने दारातूनच विचारलं, “संक्रांत यंदा मे महिन्यात का?”

मे महिना होता आणि पंखा बंद होता. पंखा लावला की जन्मपत्रिका आपल्या आपण गुंडाळून घ्यायची, जणू पुढचं भविष्य तिलाच बघवत नव्हतं. कडांवर घरातली वजनं ठेवली, तर फोटोत राहूबरोबर पावशेराचं मापही आलं. फ्रेमची काच काढून वर ठेवली, तर काचेत पुन्हा मी.

खरेदीखत पाटावर मावेना. खांब जेमतेम हातभर, त्यामुळे फोन आणखी वर नेणं शक्य नव्हतं. तेव्हा स्टँडचा हात उलटा फिरवून टेबलाच्या कडेबाहेर काढला, कागद जमिनीवर अंथरला आणि स्टँड उलथू नये म्हणून पाटावर वरवंटा ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे चटणी मिक्सरवर झाली आणि तिच्या चवीवर जेवण संपेपर्यंत चर्चा झाली.

तरीही सगळे कागद एका बाजूला निमुळते येत होते. त्यावरचा उपाय मला मनापासून आवडला, कारण त्याला पैसे पडत नाहीत. कागदाच्या जागी आरसा ठेवायचा. कॅमेऱ्याला पडद्याच्या बरोबर मध्यभागी स्वतःचीच लेन्स दिसली, की तो कागदाच्या अगदी समांतर. एक चाचणी फोटो काढला आणि मग कंप टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावून रात्री दोनपर्यंत ३१२ फोटो टिपले. झोपेतच ते सगळे घरच्या ग्रुपवर टाकले.

सकाळी आत्याचा फोन.

“सगळे छान आलेत हो. पण एक ओळखू येईना. काळे कपडे, तोंड उघडं, नाकपुड्या मोठ्या, डोळे अर्धे मिटलेले. गेल्यावर काढलेला दिसतो.”

आरशाचा चाचणी फोटो काढताना मी वरून वाकून बघत होतो, हे मला तेव्हा आठवलं. सांगणार तोवर ग्रुपवर काकांचं मत येऊन पडलं होतं, “चेहरा आपल्या घरातलाच वाटतो. बहुतेक ते कर्ज करून गेलेले.” त्याखाली अकरा जणांनी हात जोडले होते.