गाण्याशिवाय गायन क्लब कसा चालवावा

विद्यापीठात प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोली मिळाली, की तुम्हाला गाण्याचा क्लब काढायची हुक्की येणारच. येऊ द्या. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा : क्लब काढायचा असतो तो चालवण्यासाठी. गाणं ही त्यातली एक अडचण आहे, आणि जरा नेटाने काम केलंत तर ती दूर होते.

सुरुवात नावापासून करा. नाव असं हवं, की तुम्ही गाता की पोहता याचा कुणाला पत्ता लागू नये. येल विद्यापीठातल्या गवई विद्यार्थ्यांनी १९०९ साली आपल्या गटाला ‘व्हिफनपूफ्स’ असं नाव दिलं. त्याचा अर्थ शोधू नका. शतक उलटलं तरी गट चालूच आहे, यातच काय ते आलं. तुम्ही नावासाठी किमान तीन बैठका घ्या. तिसऱ्या बैठकीत दोघं रुसून गेले पाहिजेत, नाहीतर चर्चा मोकळी झाली नाही असं समजतात.

मग घटना. ही मात्र घाईत उरकू नका. गटात सात जण असतील तर पदं आठ ठेवा. रिकाम्या पदावरून वर्षभर राजकारण करता येतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, प्रसिद्धिप्रमुख, पोशाखप्रमुख आणि ‘संगीत समन्वयक’. हा शेवटचा माणूस संगीताचं पाहील, म्हणजे बाकीच्यांना पाहावं लागणार नाही. कुणी ‘एवढं कशाला?’ म्हणालाच, तर त्याला इतिहास ऐकवा. १७७६ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा ही सोसायटी स्थापन केली. बाहेर स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. आत पोरांनी शपथ ठरवली, ग्रीक ब्रीदवाक्य ठरवलं, आणि एकमेकांशी हात कसा मिळवायचा याची गुप्त रीतही ठरवली. याला म्हणतात कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळणं.

पैशांबद्दल एवढंच : कोषाध्यक्ष नेहमी शेवटच्या वर्षाचा निवडा. हिशेब मागायची वेळ येते तेव्हा तो पदवी घेऊन गेलेला असतो.

ऑडिशन हा क्लबचा खरा उत्सव. तीन सिनिअर टेबलामागे बसवा, त्यातल्या दोघांनी फोनमध्ये पाहावं. नवखी मुलगी गाऊ लागली की पहिल्या ओळीनंतर ‘थँक यू’ म्हणा आणि विचारा, ‘क्लबकडे तू कोणत्या दृष्टीने पाहतेस?’ निवडीचा निकष सोपा आहे. सध्याच्या मुख्य गायकाहून जो बरा गाईल, त्याला ‘यंदा स्पर्धा फारच अटीतटीची होती’ असं कळवायचं. जो थोडासा बेसूर पण पडदे लावायला उपयोगी, त्याला घ्यायचं. दारं किती घट्ट लावावीत हेही येलकडूनच शिका : व्हिफनपूफ्समध्ये पहिल्या मुलीला प्रवेश मिळाला तो २०१८ साली. गाळणी असावी तर अशी.

आता सराव. घटनेत आठवड्यातून दोनदा सराव लिहून बसलात, त्याला इलाज नाही. पण तो वाया कसा घालवायचा हे तुमच्या हातात आहे. सहाची वेळ द्या, पावणेसातला जमा. हॉलमध्ये नाटकवाले पुठ्ठ्याचं सिंहासन घेऊन आधीच बसलेले असतात. बुकिंग नेमकं कुणाचं यावर अर्धा तास सहज जातो. मग गाणं कोणतं घ्यायचं यावर वाद घाला. मग गिटारवाल्याला तारा जुळवू द्या. तो त्या प्रामाणिकपणे जुळवत असेल तर सव्वाआठ वाजलेच.

तरीही चुकून गायची वेळ आली, तर एक संकट ठाऊक असू द्या. वाद्याच्या साथीशिवाय गाणारा गट हळूहळू उतरतो. पिच पाइप फुंकून सूर घ्यावा, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे मिळून खाली, तेही अगदी एकदिलाने. श्वास कमी पडतो, गळा थकतो, हे एक कारण. दुसरं निव्वळ गणित आहे. प्रत्येक स्वर शेजारच्याशी तंतोतंत जुळवत गेलं, तर काही स्वरावलींमध्ये फेरी पूर्ण होऊनही आपण निघालो त्या जागी परतत नाही. ८१ ला ८० या गुणोत्तराइतका फरक राहून जातो. एका अर्धस्वराचा साधारण पाचवा हिस्सा. चार कडवी फिरलात तर किती होईल ते तुम्हीच मोजा. म्हणजे कधीकधी गट उतरतो तो नीट ऐकून गायल्यामुळे! ही माहिती बैठकीत कुणालाही सांगू नका. दोष खर्जातल्या पोरांना द्या, आणि गाणं संपल्यावर पिच पाइपला कुणी हात लावणार नाही असा ठराव करून ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी माइक मुठीत असा आवळा, की जाळी पूर्ण झाकली जाईल. रुबाबदार दिसतं. मागून येणारा आवाज टाळण्यासाठी माइकच्या डोक्यात हवेला जी वाट ठेवलेली असते, तीच त्याने बुजते. मग तो चहूकडचं ऐकू लागतो, स्पीकरचंसुद्धा. स्पीकरमधून आलेलं माइकमध्ये, माइकमधलं पुन्हा स्पीकरमध्ये, आणि सभागृहभर ती कान फाडणारी शिट्टी. यावर उपाय म्हणजे मूठ सोडणं. तुम्ही तसं न करता साउंडवाल्याकडे रागाने पाहा.

आणि हो, केबल गुंडाळणाऱ्या मुलाला कधीही पद देऊ नका. कोणता जॅक कुठे जातो हे क्लबात त्याला एकट्यालाच कळतं, म्हणून तर तो धोकादायक. एमआयटीत १९४६ साली छोट्या आगगाड्यांच्या मॉडेलचा क्लब निघाला. वर टेबलावर डबे रंगवणारे, देखावे उभारणारे. खाली टेबलाच्या पोटात तारा आणि रिले जोडणारी ‘सिग्नल्स अँड पॉवर’ समिती. खालची मंडळी पुढे संगणकाकडे वळली आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्यापासून जगभर गेला. डबे कुणी रंगवले होते, हे आज कुणी विचारत नाही. तेव्हा टेबलाखालच्या माणसावर लक्ष ठेवा.

वर्षाअखेर गट फुटेल. फुटू द्या, तुम्हालाही संस्थापक म्हणवून घ्यायची संधी मिळते. मात्र घटनेची प्रत आणि समूहाचा पासवर्ड आधी ताब्यात घ्या, मगच तत्त्वाचे मतभेद जाहीर करा.

एक प्रकार मात्र वेळीच ठेचायला हवा. वसतिगृहाच्या जिन्यात रात्री तीन-चार जण नुसतेच गात बसलेले आढळतील. जिन्याच्या टणक भिंती आवाज शोषत नाहीत, तो घुमत राहतो, त्यामुळे साधा गळासुद्धा तिथे भरीव वाटतो. त्यांचा ना लोगो, ना इतिवृत्त, ना टीशर्ट. जाणारे-येणारे पायऱ्यांवर थांबतात, तेही फुकट. ओरडू नका. परवानगी कुणाची, हे गोड आवाजात विचारा. मग त्यांच्यात जो सर्वांत सुरेल असेल त्याला बाजूला घ्या आणि सहसचिवपद देऊ करा. पंधरवड्यात तो हॉलच्या बुकिंगचे अर्ज भरत बसलेला दिसेल.