सुट्टी द्या, पण आदल्या रात्री सांगा

18 ऑगस्ट 2025 ला मुंबईत पाऊस कोसळत होता तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर जुनाच वाद पेटला. मामा म्हणाले, चार थेंब पडले की शाळेला सुट्टी, आम्ही गुडघाभर पाण्यातून जायचो. मुलुंडची माझी बहीण भडकलीच, कारण तिची लेक सकाळच्या सत्राची, ती शाळेत जाऊन बसलेली, आणि मग बीएमसीने दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर केली. पाठोपाठ शाळेचा मेसेज, पोरांना घरी घेऊन जा. बहीण तोवर लोकलमध्ये, नवरा बाहेरगावी, शेवटी शेजारच्या काकू रिक्षा करून गेल्या तिला आणायला. त्याच दिवशी माटुंग्याला पाण्यात अडकलेल्या स्कूलबसमधून पोलिसांनी पोरांना उचलून बाहेर काढलं, तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल.

मी अकरा वर्षं अमेरिकेत मिनेसोटात राहते, इथे दर हिवाळ्याला हाच प्रश्न येतो, फक्त पावसाच्या जागी बर्फ. आणि मला आता ठामपणे वाटतं की सुट्टी किती वाजता कळते ह्यावरच सगळं अवलंबून आहे.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, नियम लिहून ठेवलेला आहे. विंड चिल, म्हणजे वारा धरून अंगाला लागणारी थंडी, उणे 35 फॅरनहाइटवर गेली की शाळा बंद करायचा विचार सुरू. सेल्सिअसमध्ये ते उणे 37 होतात, उघडी कातडी दहा मिनिटांत गोठू शकते. माझा मुलगा तिसरीत असताना थंडी त्या मर्यादेपेक्षा बरीच कमी होती, शाळा चालू होती, बस वीस मिनिटं उशिरा आली, आणि ह्याने एक हातमोजा घरीच विसरलेला. मी धावत गेले तर पापण्यांवर बर्फाचे कण आणि तीन बोटं पांढरीफटक. कोमट पाण्यात हात धरला, बोटांत रक्त परत यायला लागलं तसा तो जे रडायला लागला ते मी अजून विसरले नाहीये. त्या दिवसापासून थंडीच्या सुट्टीला लाड म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

30 जानेवारी 2019 ला मिनिआपोलिसला उणे 28 फॅरनहाइट होतं, वारा धरून तर उणे 50 च्या पण खाली. पोस्टाने टपाल वाटप बंद ठेवलं होतं. पण आम्हाला शाळा बंद हे आधीच कळलेलं, त्यामुळे कोण घरी थांबणार, कोणाकडे पोरं ठेवायची हे रात्रीच ठरलं. बर्फाचं तसं नसतं, तो रात्रीत किती पडेल सांगता येत नाही, म्हणून बसचं काम बघणारी माणसं पहाटे चारला स्वतः गाडी काढून रस्ते बघून येतात, सुपरिंटेंडेंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, फोन करतात, आणि साडेपाचला आपला फोन वाजतो. बंद, किंवा दोन तास उशिरा. हे दोन तास फार कामाचे, तेवढ्यात बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्या फिरवून रस्ते मोकळे होतात.

अमेरिकेत सगळीकडे असंच चालतं असं मात्र नाही हं. 28 जानेवारी 2014 ला अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला, शाळा सकाळी भरल्या होत्या, दुपारी शाळा आणि ऑफिसं एकाच वेळी सुटली आणि सगळं शहर रस्त्यावर अडकलं. कितीतरी मुलं रात्रभर शाळेच्या जिममध्ये झोपली, काही तर बसमध्येच अडकून पडली. गव्हर्नरला नंतर माफी मागावी लागली. म्हणून मला वाटतं, पोरं एकदा शाळेत पोचली की घाईने बाहेर काढण्यापेक्षा वरच्या मजल्यावर ठेवून घेणं बरं, 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईत बऱ्याच शिक्षकांनी तेच केलं.

मामांचं म्हणणं आहे की पाऊस सांगून येत नाही. ढगफुटी नाही येत, मान्य. पण समुद्राच्या भरतीच्या वेळा तर छापलेल्या असतात, हवामान खात्याचा अलर्ट येतो, आणि कुठल्या शाळेसमोर पाणी तुंबतं हे त्या वॉर्डातल्या शिपायाला पण माहीत असतं. मग अख्ख्या मुंबईला एकच आदेश आणि तो पण सकाळची शाळा भरल्यावर का? वॉर्डनिहाय, रात्री नऊपर्यंत ठरवा ना, चुकून ऊन पडलं तर पडू दे, इथेही कितीदा बर्फ पडतच नाही आणि लोक थोडी कुरकुर करून गप्प बसतात.

एका बाबतीत मात्र मला इथलंही पटत नाही. शाळा बंद म्हणजे फुकट जेवणावर अवलंबून असलेल्या पोरांचं जेवण बंद, आणि तासावर पगार असणाऱ्या आईचा दिवस बुडाला. आमच्याकडे पोरं त्या दिवशी लॅपटॉपवर शिकतात, राज्याने वर्षाला असे पाच दिवस चालवून घेतलेत, पण लॅपटॉपने पोट नाही भरत. मुंबईत पालिकेच्या शाळेतली खिचडी सुट्टीच्या दिवशी कोण देणार हे आमच्या ग्रुपवर दोन दिवसांत एकानेही विचारलं नाही, मी पण नाही. बहिणीकडे घरकामाला येणाऱ्या ताईंची दोन मुलं तशाच शाळेत आहेत, त्या दिवशी ती दोघं दुपारी काय जेवली ते आता बहिणीला विचारणार आहे.