वह्या कपाटात ठेवायच्या की चव्हाट्यावर मांडायच्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, रागाने लिहिलेली आहे, आणि त्यातला बराचसा राग मला रास्त वाटतो. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं. पायात क्रमांकाची कडी घातलेल्या, म्हणजे एकेक करून ओळखता येणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या नोंदी काही ठिकाणी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात. अभ्यासकांनी त्या आपल्यापुरत्याच न ठेवता इतरांनाही वापरायला द्याव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं: 'एका प्रकल्पात मी काही हंगाम घरटी तपासली. शिडीवर मी चढले, जळवा मला लागल्या. पुढे प्रमुखांनी ती फाइल परस्पर कुणाला तरी दिली, आणि त्यावरच्या शोधनिबंधात माझं नाव आभारातसुद्धा नाही. माहिती खुली करा हे ज्यांनी ती कधी गोळा केली नाही त्यांचं तत्त्वज्ञान आहे. परक्याला त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. धोक्यातल्या पक्ष्यांची घरटी चोरांना दाखवायची का? आणि युरोपातल्या टिट पक्ष्यांचे दाखले देऊन इथल्यांना उपदेश कशाला?'

परक्याला अर्थ लागत नाही, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलात. मीच थोडा फुलवतो. ऑक्सफर्डजवळच्या विथम वूड्समध्ये पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली ग्रेट टिटचा अभ्यास सुरू केला. चिमणीएवढा पिवळ्या पोटाचा पक्षी. लाकडी पेटी टांगली की मुकाट्याने तिच्यात घरटं करतो, म्हणून अभ्यासकांचा लाडका. आता तिथे हजाराहून जास्त पेट्या आहेत. सुरुवातीच्या लाकडी पेट्यांमध्ये वीझल नावाचा, मुंगसासारखा सडपातळ प्राणी शिरायचा आणि अंडी-पिल्लं फस्त करायचा. १९७०च्या दशकात त्या काढून सिमेंट-भुशाच्या मिश्रणाच्या, टांगत्या पेट्या लावल्या आणि ही लूट एकदम खाली आली. आता समजा, पेट्या बदलल्याची गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला नुसता तक्ता मिळाला. तो काय म्हणेल? अमुक साली वीझल कमी झाले! आणि त्यावर मोठा सिद्धान्त मांडून मोकळा होईल.

दुसरं उदाहरण तुम्हाला सांगायला नकोच. प्रयोगासाठी एका घरट्यातली दोन पिल्लं उचलून दुसऱ्यात ठेवतात. वहीत त्याची खूण असते, पण ती खूण काय आहे हे ठेवणाऱ्यालाच माहीत. ती निसटली की आठ अंड्यांच्या घरट्यातून दहा पिल्लं उडालेली दिसतात. वजनांचं तसंच. विथममध्ये पिल्लं पंधरा दिवसांची झाली की वजन करतात. दुसरीकडे दुसरा दिवस ठरलेला असेल, तर दोन रकाने शेजारी ठेवून सरासरी काढणं हा निव्वळ गाढवपणा.

इथवर आपलं एकमत आहे. पुढे वाट फुटते. तुम्ही म्हणता, परक्याला कळत नाही म्हणून देऊ नये. मी म्हणतो, म्हणूनच सगळं लिहून ठेवून द्यावं. लॅक १९७३ साली गेले. अभ्यास आजही चालू आहे. म्हणजे आज विथमच्या जुन्या नोंदी वापरणारा प्रत्येक माणूस, मग तो त्याच विभागातला का असेना, त्या नोंदींना परकाच आहे. तुमच्या जागी शिडीवर चढलेली पुढची मुलगीही तुमच्या वहीला परकी. अर्थ डोक्यात राहिला तर तो निवृत्तीबरोबर घरी जातो. बाहेरच्याला देता येईल इतकं नीट लिहिलं, की घरच्या पुढच्या पिढीचीही सोय आपोआप होते.

आता युरोपातल्या टिटकडे येतो. उपदेशासाठी नाही, तिथे या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष हाती लागलंय म्हणून. नेदरलँड्समधल्या होगे वेलुवेच्या जंगलात १९५५पासून याच पक्ष्याच्या नोंदी आहेत. अक्षांश ऑक्सफर्डच्या जवळपास सारखाच. पिल्लांचं खाणं म्हणजे ओकच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्या, आणि त्या भरपूर असतात फार थोडे दिवस. वसंत उबदार होऊ लागला तशा अळ्या आधी येऊ लागल्या. होगे वेलुवेच्या १९७३ ते १९९५च्या नोंदींत मात्र माद्यांनी अंडी घालण्याची तारीख आधी आणलेली दिसत नाही. पिल्लांची भूक आणि अळ्यांचा सुकाळ यांची चुकामूक होत चालली होती. १९९८ साली हे छापून आलं. फक्त हेच वाचलं असतं तर निष्कर्ष सरळ होता: हवामान बदललं, पक्षी मागे पडला. पण २००८ साली विथमच्या ४७ वर्षांच्या नोंदींवरचा निबंध आला. तिथल्या माद्या साधारण दोन आठवडे आधी अंडी घालू लागल्या होत्या आणि अळ्यांशी त्यांचा मेळ बऱ्यापैकी टिकून होता.

तोच पक्षी, तशीच अळी, उत्तर उलटं. दोन्ही अभ्यास चोख, आणि दोन्ही एकेकटे दिशाभूल करणारे. एका जंगलाची गोष्ट ही त्या पक्ष्याची गोष्ट नाही, एवढं कळायला दोन जंगलांच्या वह्या शेजारी उघडाव्या लागतात. आणि फरक का पडला हे शोधायचं तर दोनही पुरत नाहीत.

याहून साधी अडचण तुम्ही स्वतः अनुभवली असेल. गेल्या वर्षी कडी घातलेलं पिल्लू यंदा दिसलं नाही. मेलं की उडून गेलं? आपल्या वहीत दोन्हीची नोंद एकच: कोरी जागा. माझ्या जंगलात मेलेला पक्षी शेजारच्या जंगलात खुशाल अंडी घालत असतो, आणि शेजारची वही बंद असेल तर मी त्याला मेलेलाच धरून जगण्याचं प्रमाण काढतो.

विस्डमची गोष्ट बहुतेक सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही. लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची ही मादी. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली पक्षीअभ्यासक चँडलर रॉबिन्स यांनी तिच्या पायात कडी घातली. तेव्हा ती वीण करण्याच्या वयाची होती, म्हणजे किमान पाच वर्षांची. २००२ साली त्याच बेटावर ती पुन्हा त्यांच्याच हाती आली, पण हे त्यांना तिथे कळलं नाही. मधल्या काळात झिजलेल्या कड्या बदलल्या होत्या. परतल्यावर जुन्या नोंदी काढून क्रमांकाला क्रमांक जोडत मागे गेले, तेव्हा साखळी १९५६ला जाऊन पोचली. २०२४च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं. तेव्हा तिचं वय किमान ७४ मानलं गेलं. हे वय पक्ष्याच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नाही. कड्या बदलणाऱ्या प्रत्येकाने आपला कागद सगळ्यांच्या सामायिक दप्तरात नेऊन ठेवला, म्हणून ते आपल्याला कळतं.

आता दुसऱ्याच्या कष्टाची माहिती उचलण्याचा मुद्दा. 'खुली माहिती हवी म्हणणाऱ्यांनी कधी माहिती गोळा केली नाही' हे खरं नाही, पण तुमच्या बाजूला मोठमोठी माणसं आहेत हे खरं. २०११पासून परिस्थितिकी आणि उत्क्रांतीच्या काही प्रमुख नियतकालिकांनी निबंधामागची माहिती जाहीर भांडारात ठेवण्याची अट घातली. २०१५ साली असे दीर्घ अभ्यास चालवणाऱ्या कितीतरी प्रमुखांनी मिळून तिच्यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं जवळपास तुमच्याच शब्दांतलं: तीन वर्षांच्या प्रयोगाला जो नियम तोच चाळीस वर्षं चालू असलेल्या अभ्यासाला लावला, तर एका निबंधापायी चाळीस वर्षांची पुंजी बाहेर जाते. पुढच्या वर्षी त्याला उलट उत्तरंही छापून आली. दोन्ही बाजू वाचून मला पहिल्या बाजूचं दुखणं पटलं, औषध पटलं नाही.

मधली वाट मी मागच्या लेखात घाईत सांगितली होती. वागेनिंगेनच्या नेदरलँड्स परिस्थितिकी संस्थेतून चालणारा एसपीआय-बर्ड्स हा अशा नोंदी एकत्र आणणारा उपक्रम. पहिल्या दीडेक वर्षातच १२०हून जास्त अभ्यासक त्यात आले. ८० ठिकाणच्या सुमारे १५ लाख पक्ष्यांच्या नोंदी जमल्या. व्यवस्था आपल्या सातबाऱ्यासारखी आहे. जमीन कुणाची, किती, त्यात काय पिकतं हे कुणीही पाहावं; नांगर घालायचा तर मालकाला विचारावं लागतं. म्हणजे कोणत्या जंगलात, कोणत्या पक्ष्याच्या, किती वर्षांच्या नोंदी आहेत हे जाहीर. प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर मागणी मालकाकडे जाते आणि तो ठरवतो. आत सगळ्यांच्या नोंदी एकाच साच्यात बसवलेल्या असतात: वीण, पकड, पक्षी आणि जागा असे चार तक्ते. अंड्यांपेक्षा पिल्लं जास्त, वजन अशक्य, असं काही दिसलं की त्या ओळीवर खूण होते. ती ओळ परस्पर दुरुस्त करत नाहीत, मालकाला विचारतात. तुमची दहा पिल्लांची अडचण तिथेच पकडली जाते.

मला या व्यवस्थेत एक गोष्ट खटकते आणि ती तुम्हाला आवडणार नाही. परवानगीचा हक्क कायमचा का? अभ्यास चालू आहे तोवर मालकाचा शब्द शेवटचा, हे ठीक. बंद झाल्यावरही काही वर्षं राहू द्या. पण मालक निवृत्त झाला, पत्रांना उत्तर देईनासा झाला, तर? तेव्हा नोंदी आपोआप खुल्या व्हाव्यात आणि ती तारीख देतानाच लिहून घ्यावी, असं माझं मत आहे.

आणि मालक म्हणजे कोण? तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त अडखळायला लावलं ते इथे. ताई, तुमच्या नोंदी कुणी खुल्या भांडारातून उचलल्या नाहीत. कपाट बंदच होतं. किल्ली ज्याच्याकडे होती त्याने फाइल दिली, तीही परस्पर, कुठेही नोंद न होता. बंद कपाटाने तुमचं रक्षण केलं नाही, किल्लीवाल्याचं केलं. त्याच नोंदी संचाच्या कायमच्या ओळख-क्रमांकासह, गोळा करणाऱ्यांच्या नावांसह रीतसर प्रकाशित झालेल्या असत्या, तर वापरणाऱ्याला त्या संचाचा संदर्भ द्यावा लागला असता आणि त्यात तुमचं नाव आलं असतं. खुलेपणाने हे आपोआप होतं असं मी म्हणत नाही. यादीत शिडीवाल्यांची नावं घालायची की फक्त प्रमुखांचं, हे पुन्हा माणसंच ठरवतात. पण जाहीर यादीतून नाव गाळलं तर बोट ठेवायला जागा राहते. परस्पर दिलेल्या फाइलीत कशावर बोट ठेवणार?

घरट्यांच्या जागांबद्दल मात्र वाद नाही. २०१३ साली मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्याची ठिकाणं ज्या ई-मेल खात्यावर यायची, त्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न केला होता आणि तो प्रयत्न पुण्यातून झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. हेतू काय होता ते सिद्ध झालं नाही, पण सावध व्हायला तेवढं पुरे. गिधाडाच्या किंवा धनेशाच्या घरट्याचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर तक्त्यात नकोतच. ते झाकून बाकीचं देता येतं. ई-बर्ड हे पक्षीनिरीक्षणांच्या नोंदींचं संकेतस्थळ काही जातींच्या बाबतीत ठिकाणं लपवतंच. एक रकाना झाकण्यासाठी अख्खी वही लपवायची गरज नाही.

राहिला इथला प्रश्न. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९२७ साली पक्ष्यांना कड्या घालायला सुरुवात केली. १९५९पासून मोठा कार्यक्रम झाला, पण भर स्थलांतरित पक्ष्यांवर. एकाच जागी, एकेक पक्षी ओळखून, पिढ्यान्‌पिढ्या विणीच्या नोंदी ठेवणारे अभ्यास आपल्याकडे मोजकेच. सालिम अलींनी १९३०च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींची घरटी पाहिली; नर एक घरटं भरलं की दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी, हे त्यातून कळलं. ते छापून ठेवलं म्हणून आजही कुणी किहीमला जाऊन ताडून पाहू शकतं. मोजकेच आहेत म्हणून जपून, कुलपात ठेवा, असं तुम्ही सुचवता. मला वाटतं, मोजकेच आहेत म्हणून एकाही वहीला वाळवी लागणं परवडणार नाही. शिवाय पक्षी पकडायला वनखात्याची परवानगी लागते आणि बहुतेकदा पैसा सरकारी असतो. नोंदी पूर्णपणे खासगी मानायला तिथेच अडचण येते.

एक विचारायचं राहिलं. कडी गळून पडलेला पक्षी पुन्हा हाती आला, तर तो जुनाच आहे हे तुमच्या प्रकल्पात कसं ठरवायचे? वेगळी रंगीत कडी असायची, की नवा क्रमांक देऊन नवा पक्षी धरायचे? आणि अदलाबदल केलेल्या पिल्लांची खूण वहीत नेमकी कशी करायचात? हे कुठल्याही निबंधात सापडत नाही. लिहून पाठवाल तर इथेच स्वतंत्र लेख म्हणून टाकतो. नाव अर्थात तुमचं.