2016 पर्यंत मिनिटाला 16 रुपये? छे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. '1995 मध्ये कॉलचा दर मिनिटाला 16 रुपये, वर इनकमिंगलाही पैसे. मोबाइल म्हणजे श्रीमंतांचा थाट. 2016 मध्ये जिओ आलं आणि इनकमिंग फुकट झालं, कॉल स्वस्त झाले, खेड्यापाड्यात फोन पोचला, देशात 4जी आलं.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

1995 चं बरोबर आहे. 31 जुलैला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. गर्दीच्या वेळचा दर 16 रुपये 80 पैशांपर्यंत जायचा, हेही खरं. पण मधली 21 वर्षं कुठे गेली?

आधी इनकमिंग. माझ्या काकांकडे कामासाठी घेतलेला मोबाइल होता. तो वाजला की नंबर बघायचे, कट करायचे आणि रस्ता ओलांडून पानटपरीवरच्या सार्वजनिक फोनच्या लाल डब्यात रुपया टाकून त्या माणसाला उलटा फोन करायचे. मोबाइल कमरेला, बोलणं डब्यावरून! हा प्रकार थांबला 1 मे 2003 पासून. जो फोन लावेल त्यानेच पैसे भरायचे, ही पद्धत 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या नियमाने त्या दिवशी लागू झाली. जिओ यायला अजून तेरा वर्षं होती.

कॉलचे दर एका रात्रीत पडले नाहीत. सुरुवातीला कंपन्यांवर ठरावीक लायसन्स फीचं एवढं ओझं होतं की त्या थकबाकीत गेल्या. सरकारच्या 1999 च्या दूरसंचार धोरणाने ती फी काढून कमाईतला वाटा घ्यायचं ठरवलं, तिथून दर हलायला लागले. 2002 मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आली. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 501 रुपये भरून हँडसेट हातात द्यायला सुरुवात केली. (ती कंपनी उभी केली जिओवाल्या मुकेश अंबानींनीच, 2005 च्या वाटणीत ती धाकट्या भावाकडे गेली. आरतीच ओवाळायची तर 2003 लाही ओवाळा की!) मार्च 2006 मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलने 'वन इंडिया' आणला, देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. रात्रीच्या सवलतीसाठी एसटीडी बूथबाहेर रांगा लावलेल्या माणसांना हा आकडा खोटा वाटला होता. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला. 'पोचलो रे, ठेवतो' एवढंच सांगायला दहा पैसे पुरायचे. तरीही लोक मिस्ड कॉलच द्यायचे, तो भाग वेगळा.

खेड्यांचं म्हणाल तर 2015 संपता संपता देशातल्या मोबाइल जोडण्या 100 कोटींच्या पुढे गेल्या होत्या. एकेकाकडे दोन सिम होती हे धरलं, तरी एवढे श्रीमंत आपल्याकडे कधीपासून? 2003 चा नोकिया 1100 आठवा. धूळ न शिरणारा कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्याला तो बॅटरी म्हणूनही पुरायचा.

4जी एअरटेलने कलकत्त्यात एप्रिल 2012 मध्येच सुरू केलं होतं. पण इथे मेसेजवाल्यांच्या पदरात माप टाकायला हवं. एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचे आणि काम झालं की डेटा बंद करून ठेवायचा, ही आपली सवय 2016 नंतरच मोडली. तो बदल जिओचा, नि:संशय. मात्र तो मुख्यतः नेटचा बदल होता. कॉल त्याआधीच स्वस्त झाले होते. उलट ऑक्टोबर 2019 मध्ये जिओनेच दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर बोलायला मिनिटाला सहा पैसे लावले होते, ते 1 जानेवारी 2021 ला गेले.

राहिलं 'इनकमिंग फुकट'. तेही कायमचं नव्हतं. काकांनी मागे एकदा एकरकमी पैसे भरून 'लाइफटाइम' (म्हणजे कायम चालू राहणारं) कार्ड घेतलं होतं. 2018 च्या अखेरीला किमान रिचार्जची सक्ती आली, आणि त्यांच्या कंपनीचा मेसेज आला: 35 रुपये भरा, नाहीतर येणारे कॉलही बंद. काका म्हणाले, "लाइफ माझं की कार्डाचं, ते तेव्हाच विचारायला हवं होतं."