गोळ्या सोडून यकृत वाचत नाही

एचआयव्हीसाठी एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, घेणाऱ्यांमध्ये एक संदेश सध्या जोरात फिरतोय: "एआरटीच्या गोळ्यांनी यकृतात चरबी साठते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं की गोळ्या काही महिने थांबवा आणि यकृत साफ करणारं वनौषधींचं चूर्ण घ्या. बारीक माणसाला याची भीती नाही. एसजीपीटी नॉर्मल असेल तर यकृत ठणठणीत." यातल्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. (एसजीपीटी म्हणजे यकृताची एक रक्तचाचणी.)

"गोळ्यांनी चरबी साठते." कोणत्या गोळ्यांनी, हे विचारायला हवं. स्टॅव्युडिन, डिडॅनोसिन आणि काही प्रमाणात झिडोव्युडिन ही जुनी औषधं पेशींच्या मायटोकाँड्रियांना, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना, इजा करत. चरबी जाळली जाईना, मग ती यकृतात साठे. म्हणूनच २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. डोलुटेग्रॅविर या आजच्या एआरटी औषधावरचा आक्षेप वेगळा आहे, तो वजनाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या 'अ‍ॅडव्हान्स' चाचणीत डोलुटेग्रॅविर आणि टेनोफोविर अलाफेनामाइड एकत्र घेणाऱ्यांचं, त्यातही स्त्रियांचं, वजन सर्वांत जास्त वाढलं. आजाराने खंगलेलं शरीर भरून येणं हाही त्या वाढीचा एक भाग असतो. पण पोटाचा घेर वाढतच राहिला तर यकृतावर चरबी चढते, हे खरं. शिवाय मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), उच्च रक्तदाब ही कारणं एचआयव्ही नसलेल्यांना लागू आहेत तशी इथेही आहेत. दारू आणि हेपॅटायटिस सी असेल तर भर पडते. सगळं खापर गोळीवर फोडलं की साखर तपासायची राहून जाते.

"गोळ्या थांबवा." संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच, आणि तो करून पाहिला गेलेला आहे. 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत ५,४७२ जण होते. अर्ध्यांनी सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चांगले असताना उपचार थांबवले, बाकीच्यांनी सलग घेतले. २००६ मध्ये निकाल आला: थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटल्यावर होणारे) आणि मृत्यू दुपटीहून जास्त. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे गंभीर आजारसुद्धा त्यांच्यातच जास्त. म्हणजे ज्या यकृतासाठी गोळ्या सोडायच्या, त्याचाही फायदा नाही! सोबत हेपॅटायटिस बी असेल तर धोका आणखी मोठा. एआरटीतली टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात; अचानक बंद केले तर तो उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. औषध बदलायचं असेल तर डॉक्टर बदलतात. बदलणं आणि सोडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चूर्णाबद्दल थोडक्यात. यकृत 'साफ' होत नसतं. वनौषधींनीही यकृताला इजा होऊ शकते. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती अनेक एआरटी औषधांची रक्तातली पातळी उतरवते. लोह किंवा कॅल्शियम असलेलं पूरक उपाशीपोटी डोलुटेग्रॅविरबरोबर घेतलं तर औषध नीट शोषलंच जात नाही.

"बारीक माणसाला भीती नाही." एचआयव्हीत हे विधान विशेष चुकीचं. जुन्या औषधांनी ज्यांच्या गालांची, हातापायांची चरबी झडली, त्यांच्या पोटात आणि यकृतात ती साठत गेली. चेहरा वाळलेला, यकृत मात्र चरबीने भरलेलं. म्हणून काट्याइतकाच कमरेचा घेरही मोजा. वजन खरंच जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवल्याने यकृताची सूजही कमी होते. कुठल्याही चूर्णापेक्षा हा उपाय खात्रीचा.

राहिलं एसजीपीटी. यकृतात चरबी, अगदी चट्टेसुद्धा (इजेनंतर कडक झालेला भाग) असताना ते नॉर्मल येऊ शकतं. खरा प्रश्न चट्टे किती आहेत हा आहे. त्यासाठी फिब-४ हा आकडा काढतात: वय, एसजीओटी (यकृताचीच आणखी एक रक्तचाचणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून. १.३ च्या खाली आला तर मोठ्या प्रमाणात चट्टे असण्याची शक्यता कमी. वर आला तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. यातले रिपोर्ट बहुतेकांच्या फाइलमध्ये आधीच असतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढा हिशेब मांडायला सांगा, गोळ्या चालू ठेवूनच.